आपले वजन

डायलिसिस केंद्रात नव्याने रुजू झालेल्या समाजसेविकेने पहिल्या आठवड्यात एक फॉर्म छापून घेतला आणि दुसऱ्या आठवड्यात तो वाचून कपाळाला हात लावला.

फॉर्म रुग्णांसाठी नव्हता. रुग्णांबरोबर येणाऱ्या घरच्या माणसांसाठी होता. केंद्रात त्यांना ‘सोबती’ म्हणत. मशीनला जोडलेल्या माणसाची विचारपूस करायला डॉक्टर होते, नर्स होत्या, आहारतज्ज्ञ होती. बाहेरच्या बाकावर चार-चार तास बसणाऱ्या सोबत्यांना मात्र ‘जरा पाय आत घ्या, फरशी पुसायचीय’ यापलीकडे कोणी काही विचारत नसे. त्यांचीही तब्येत विचारावी आणि ज्याला गरज असेल त्याला चार दिवसांची उसंत मिळवून द्यावी, एवढाच तिचा हेतू. फॉर्मच्या डोक्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘आपली माहिती’. खाली प्रश्न. आपले वजन किती? आपण दिवसाला किती पाणी पिता? आपल्याला सध्या कोणता त्रास आहे?

अकरा फॉर्म परत आले. एक कोरा होता. उरलेल्या दहांवरून असं दिसत होतं की बाहेरच्या बाकावर बसलेल्या दहाही जणांची मूत्रपिंडं निकामी झालेली आहेत. त्यांतल्या एका आजोबांनी तर ‘फक्त स्त्रियांसाठी’ हा भागही मन लावून भरला होता. पाळी बंद होऊन बावीस वर्षं झाली, तक्रार काही नाही, असं त्यांनी वळणदार अक्षरात कळवलं होतं.

घोळ ‘आपले’ या शब्दाने घातला होता. समाजसेविकेच्या मनात ‘आपले’ म्हणजे तुमचे, जरा मान देऊन. बाकावरच्या मंडळींच्या लेखी ‘आपले’ म्हणजे आपल्या घरातले, म्हणजे आपल्या पेशंटचे. दुसऱ्या कुणाचं वजन त्यांच्या घरांत कित्येक वर्षांत कोणी विचारलेलंच नव्हतं.

सगळ्यांत नीटनेटका फॉर्म काकूंचा होता. काकू घरी शिवणकाम करत आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार नवऱ्याला घेऊन केंद्रात येत. समाजसेविकेने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं. खोली म्हणजे सलाइनच्या खोक्यांच्या मधे राहिलेली जागा. दोन खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर एक भलंमोठं चित्र.

“काकू, वजनासाठी एकच चौकट होती. तुम्ही दोन केल्यात.”

“आधीचं आणि नंतरचं. मी पट्टीने आखून घेतली दुसरी. तुम्ही विसरला असाल म्हटलं, ताई.”

“चौसष्ट पूर्णांक आठ आणि बासष्ट पूर्णांक पाच. हे तुमचं वजन आहे?”

“आपलंच आहे की. परवा सोमवारचं.”

“म्हणजे काकांचं.”

“मग आणखी कुणाचं?”

“तुमचं किती आहे?”

काकू विचारात पडल्या. आख्ख्या गल्लीच्या कमरा त्यांना तोंडपाठ होत्या. कोणाचा डावा खांदा उतरता आहे, कोणी दर वर्षी दोन इंच वाढतं आणि टेपच खोटी म्हणतं, सगळं डोक्यात. पण हा प्रश्न अभ्यासाबाहेरचा होता.

“मी मीडियम आहे,” त्या शेवटी म्हणाल्या.

समाजसेविकेने कोरा फॉर्म पुढे केला. “हा इथेच भरा. ‘आपले’ दिसलं की ‘माझे’ वाचायचं.”

काकूंनी फॉर्म हातात घेतला, मान डावीकडे वळवली आणि कागद उजव्या गालाशी धरला, चिमणी दाणा बघते तसा.

“चष्मा विसरलात का?”

“लावलाय की.”

समाजसेविका उठली. तिने आपला तळवा अलगद काकूंच्या उजव्या डोळ्यावर धरला. “आता समोर काय दिसतंय?”

“भिंत.”

“भिंतीवर?”

काकू खोटं बोलत नसत. “भिंतीवर काहीतरी असणार. नाहीतर तुम्ही विचारलं नसतं.”

भिंतीवर माणसाच्या उंचीचं, लालभडक मूत्रपिंड होतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चौदा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डावा पिकलेला, आधी तो काढा, मग उजवा. फार थांबलात तर काढणं अवघड होत जाईल. काकूंनी मान डोलावली होती आणि कागद शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवून दिला होता.

“का पण?”

“ऑपरेशननंतर वाकायचं नाही, उचलायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, तीन-तीन तासांनी डोळ्यांत थेंब. मग ह्यांचं कोण बघणार? दोन वर्षांपूर्वी मला ताप आला, दोन दिवस अंथरुणात होते. दोनच दिवस, ताई. तेवढ्यात हे इतकं पाणी प्यायले की छातीत पाणी भरलं. श्वास घेता येईना. इथेच आणलं होतं उचलून. माझा एक डोळा गेला तर दुसरा आहे. ह्यांचं तसं नाही. ह्यांची दोन्ही गेलीत.”

समाजसेविका वयाने लहान होती, पण कोणत्या वाक्यावर वाद घालू नये हे तिला कळत होतं. तिने कॅलेंडर काढलं. केंद्राकडे एक शिकलेला मदतनीस होता; तो डायलिसिसच्या दिवशी काकांना घरून आणेल, परत सोडेल. घरात मात्र जवळचं कोणीतरी हवं. सहा दिवस. आणि अटी दोन. काकूंनी त्या सहा दिवसांत त्या घरात राहायचं नाही. आणि दिवसाला फोन एकच.

“एक म्हणजे एका वेळेला एक?”

“दिवसाला एक, काकू.”

काकूंचे यजमान पाणीपुरवठा खात्यात मीटर रीडर होते. बत्तीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून त्यांनी पाण्याचे आकडे टिपले. केंद्रात त्यांना सगळे मीटरकाका म्हणत आणि ते स्वतः प्रत्येक नव्या नर्सला सांगत, “मी जन्मभर लोकांचं पाणी मोजलं, आता बायको माझं मोजते. खात्यात बदली झाली म्हणायची.”

दिवसाला एक लिटर, इतकंच पाणी त्यांना मंजूर होतं. चहा, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच. काकू रोज सकाळी एक बाटली भरून ठेवत आणि दिवसभर काय हवं ते त्यातूनच निघे. बाटली संपली की दिवस संपला. आणि तरीही मीटरकाका चोरत. बाथरूममधून ते जरा जास्तच निरागस चेहऱ्याने बाहेर आले की काकूंना कळे. चौदा महिन्यांत त्यांनी नऊ वेळा रंगेहाथ पकडलं होतं.

त्या संध्याकाळी काकूंनी त्यांना डोळ्यांचं सांगितलं. ते उशीवर सुया ओवून ठेवत बसले होते. तहानेवरून मन उडावं म्हणून काकूंनी वर्षभरापूर्वी त्यांना हे काम लावून दिलं होतं. रोज वीस सुया, पांढऱ्या दोऱ्याच्या दहा, काळ्या दोऱ्याच्या दहा.

“मला डाव्या डोळ्याने दिसत नाही,” काकू म्हणाल्या.

“अरे बापरे,” मीटरकाका म्हणाले. “कधीपासून?”

ते इतक्या लगेच आणि इतक्या सपाट आवाजात म्हणाले, की शाळेच्या नाटकातही त्यांना कुणी झाडापेक्षा मोठी भूमिका दिली नसती.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला कसं माहीत असणार? तू मला रोज वीस सुया ओवायला देतेस, ते माझं मन रमावं म्हणून. असं तूच म्हणाली होतीस.” त्यांनी एकविसावी सुई उशीत खुपसली. “काढून घे डोळा. म्हणजे मोतीबिंदू.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, बशीतलं दूध आहे का मांजराने प्यायला? बहिणीला बोलावू.”

नणंद आली ती दोन पिशव्या आणि एक कुकर घेऊन, जणू वहिनीच्या घरी चूल नव्हती. त्या सहा दिवसांत काकूंनी तिच्या घरी राहायचं ठरलं होतं, घरांची अदलाबदल. तिथे नणंदेचे यजमान होते. ते डोळ्यांत थेंब घालतील, असं नणंद म्हणाली, आणि ते बोलणार नाहीत, याचीही हमी तिने दिली.

काकूंनी सूचनांची वही केली होती. एकूण एकेचाळीस कलमं. नणंद चष्मा नाकावर ओढून वाचू लागली.

“‘बटाटे चिरून भरपूर पाण्यात उकळावेत व पाणी फेकून द्यावे.’ बरं. ‘केळं दाखवूसुद्धा नये.’ दाखवू नये म्हणजे काय, वहिनी? तो काय लहान आहे?”

“मागच्या वेळी सालीसकट पुरावा नष्ट केला होता, वन्सं.”

“‘डाव्या हाताला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचतात त्या, धक्का लागू देऊ नये, त्या हाताने पिशवी उचलू देऊ नये, त्या हातावर ब्लडप्रेशर बघू देऊ नये.’ हे ठीक. ‘आंघोळीला जाताना मग किती भरला आहे ते बघावे व बाहेर आल्यावर पुन्हा बघावे.’ वहिनी, हा माझा मोठा भाऊ आहे. मी त्याच्या आंघोळीचा मग तपासू?”

“मी तपासते.”

“तुमचं लग्न झालंय त्याच्याशी.”

“तुमच्या दादांनाच विचारा हवं तर.”

मीटरकाका दारात उभे राहून ऐकत होते. राज्य बदलणार या कल्पनेने त्यांचा चेहरा उजळला होता. “वाच, वाच. चौतिसावं वाच. मी घशाला कोरड पडली म्हणून बोललो तर किती वेळ दुर्लक्ष करायचं ते दिलंय त्यात.”

“अकरा मिनिटं,” नणंदेने वाचून दाखवलं. मग वही मिटून ती म्हणाली, “माझ्या दादाला घोटभर पाणी नाकारायचं, हे माझ्याने होईल असं वाटत नाही हो वहिनी.”

काकूंनी पिशवी उचलली, पुन्हा खाली ठेवली, उचलली. हेच तर त्यांना चौदा महिने दिसत होतं. नणंद विरघळणार, दादा पिणार, आणि सातव्या दिवशी आपण दोन डोळ्यांनी नीट बघणार, की ह्यांना श्वास घेता येत नाहीये.

ऑपरेशन वीस मिनिटांत झालं. काकूंना त्याचा जवळजवळ रागच आला. चौदा महिन्यांची भीती आणि वीस मिनिटांत बाहेर या म्हणतात. नणंदेच्या घरी भावोजींनी स्वयंपाकघरातलं घंटेचं घड्याळ मांडीवर घेऊन ठेवलं होतं. दर तीन तासांनी घंटा वाजे, ते उठत, हात धूत, एक थेंब घालत, पुन्हा बसत. बोलणं म्हणून काही नाही. दुसऱ्या दिवशी ते फक्त एवढं म्हणाले, “वर बघा.” तिसऱ्या दिवशी तेही सोडलं, बोटाने छत दाखवू लागले. काकूंना वाटलं, इतकं शांत आपल्याला कोणी सांभाळलं, त्याला किती काळ झाला असेल. मग त्यांना आपण विश्रांती घेत असल्याचा संशय आला आणि त्या दचकून उठून बसल्या.

फोन दिवसाला एक. तो त्या इतका जपून वापरत की आधी मुद्दे लिहून काढत.

“वन्सं, सूज? पायांवर?”

“नाही.”

“धाप?”

“जिन्यावरून उतरला, चढला, मला वाटेत ऐकवत होता की मी कशी जाड झालेय.”

“चोरी?”

“तेच सांगायचं होतं,” नणंदेचा आवाज खाली आला. “वहिनी, तुम्ही म्हणालात चोरतो. मी तीन दिवस बाथरूमच्या दाराला कान लावून बसलेय. लाज सोडली मी. नळाचा आवाज नाही. आंघोळीचा मग जसाच्या तसा. बाटली संपली की पेला उपडा घालून ठेवतो आणि पेपर वाचतो. मी परवा म्हटलं, घे रे अर्धा कप, वहिनीला नाही सांगत. तर म्हणाला, नको, हिशोब बिघडेल.”

काकूंच्या मते हे वाईट होतं. याचा अर्थ त्यांनी नवी जागा शोधली होती.

सहा दिवस संपले त्या सोमवारी काकू नणंदेच्या घरून थेट केंद्रात गेल्या. डोळ्यावर काळा चष्मा, हातात पिशवी. शुक्रवार ते सोमवार हे मधलं अंतर सगळ्यांत लांब, पाणी साठतं ते याच दिवसांत. मीटरकाका मदतनिसाबरोबर आले. चालत आले. काकूंनी आधी पावलांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे, मग पुन्हा पावलांकडे. चपलेचे पट्टे रुतले नव्हते.

“काळ्या चष्म्यात गुप्त पोलीस दिसतेस,” ते म्हणाले.

“काट्यावर उभे राहा.”

ते उभे राहिले. आकडे थरथरले, थांबले. चौसष्ट पूर्णांक आठ.

काकूंनी चष्मा काढला आणि पुन्हा वाचलं. डाव्या डोळ्याने. आकडा इतका लख्ख होता की त्याच्या कडेची धूळसुद्धा दिसत होती. चौसष्ट पूर्णांक आठ. त्यांच्या हाताखाली दर सोमवारी भरत होतं तेवढंच. ना दशांशाने जास्त, ना कमी.

आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण काकूंचं सगळं आयुष्य मापात गेलेलं होतं, आणि कापड इथे जुळत नव्हतं. आपल्या राज्यात एक लिटर अधिक चोरी. नणंदेच्या राज्यात एक लिटर, चोरी नाही. तरी वजन तेच? मग चोरीचं पाणी गेलं कुठे?

मीटरकाकांच्या हातात सुया टोचून झाल्या, मशीन सुरू झालं. चार तास ते कुठे पळून जाऊ शकत नव्हते. काकूंनी स्टूल ओढून घेतलं.

“बाटलीचं काय?”

“कसलं काय?”

“मी गेल्यावर बाटली कोण भरत होतं?”

“तुझी वन्सं. चष्मा लावून, आकडा वाचून. एक हजार लिहिलंय तिथपर्यंत.”

“मीही तिथपर्यंतच भरते.”

मीटरकाकांनी छताकडे पाहिलं. छतावर काही नव्हतं. “तू नखाने मोजतेस,” ते म्हणाले. “मी दारातून बघायचो. तुला आकडे दिसेनासे झाले तशी तू बाटलीवरच्या उठावाच्या रेघा नखाने मोजायला लागलीस, खालून वर, दहा. पण सुरुवात करतेस ती तळाच्या कडेपासून. ती कड आहे, रेघ नाही. तुझी दहावी म्हणजे नववी.”

मनातल्या मनात काकूंचं नख बाटलीवरून फिरलं. कड, एक, दोन.

“म्हणजे मी रोज तुम्हाला शंभर मिली कमी देत होते.”

“चौदा महिने.”

“आणि तुम्ही चोरत होतात ते...”

“शंभर. बरोबर शंभर. औषधाच्या बाटलीचं टोपण दहा मिलीचं आहे, दिवसाला दहा टोपणं. बत्तीस वर्षं नोकरी केलीय मी. जास्त घेतलं असतं तर रीडिंगमध्ये दिसलं नसतं का?”

“दहा टोपणं,” काकू म्हणाल्या. “रोज. लपूनछपून.”

“तू नऊ वेळा पकडलंस. चार हजारांत नऊ. आमच्या खात्यापेक्षा बरं आहे.”

पलीकडच्या पलंगावरून कोणीतरी हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

“मग सांगितलं का नाहीत?” काकूंचा आवाज चढला नाही, पण स्टूल अर्धा इंच पुढे सरकलं. “एका शब्दाने? मी तुम्हाला काय काय बोलले त्या नऊ वेळा.”

“रेघ चुकतेय म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, मला दिसतं सगळं. मी म्हणालो असतो, नाही दिसत. मग ऑपरेशन आलं. मग तू आठवडाभर घरात नाहीस.” त्यांनी मोकळ्या हाताने चादरीची सुरकुती सारखी केली. “तुला वाटत होतं ना, की तू गेलीस की दोन दिवसांत मी पिऊन पिऊन आडवा होईन? मलाही तेच वाटत होतं. आडवा झालो होतो की एकदा. शंभर मिली चोरणं सोपं वाटलं मला. भीती कबूल करणं अवघड.”

काकूंना काहीतरी कडक बोलायचं होतं. वाक्य तयारही झालं होतं. पण नव्या डोळ्याला त्यांचा चेहरा फारच स्पष्ट दिसत होता. भुवईतला पांढरा केस, ओठांवरच्या कोरड्या रेषा, आणि डोळ्यांत ते जरा भ्यालेले आहेत हे. चौदा महिने त्या ह्या चेहऱ्याचा अंदाजच करत होत्या तर.

“ह्या आठवड्यात का नाही प्यायलात?” त्यांनी विचारलं. “वन्सं तर कप घेऊन मागे लागल्या होत्या.”

“बाटली पुरी भरलेली होती. मंजूर तेवढं मिळत होतं. तहान लागली. तिसऱ्या दिवशी फार लागली. म्हटलं, आत्ता हिने छताकडे बघायचं सोडून इथे धावत यावं असं काही करायचं नाही.”

“छताचं तुम्हाला कोणी सांगितलं?”

“मेहुण्यांनी. रोज फोन करायचे मला.”

“भावोजी? बोलायचे?”

“तासभर,” मीटरकाका म्हणाले. “तुझ्यासमोर लाजतात.”

काकू उठल्या. खोक्यांच्या खोलीत समाजसेविका नवे फॉर्म लावत बसली होती. तिने काकूंच्या डोळ्याकडे बघितलं आणि काही विचारणार, तोच काकू म्हणाल्या, “ताई, मदतनीस पुढच्या महिन्यात रिकामा आहे का?”

“काका बरे आहेत ना?”

“त्यांना काय धाड भरलीय. उजवा डोळा राहिलाय.”

समाजसेविकेने कॅलेंडर काढेपर्यंत काकूंनी नणंदेला फोन लावला. पलीकडे कुकरचा आवाज येत होता.

“वन्सं, पुढच्या महिन्यात सहा दिवस निघतील का?”

“माझं काही नाही, वहिनी, मी येते,” नणंद म्हणाली. “ह्यांनाच विचारायला हवं. आत्ताच फोन होता त्यांचा. सकाळी तुम्ही निघून गेल्यावरही घड्याळाची घंटा वाजली तसे उठले, हात धुतले, आणि मग काय करावं ते सुचेना त्यांना.”